डाव्या कानामागचा चट्टा

चष्म्याच्या त्या दुकानात ताई सव्वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसल्या होत्या. दारातून आत आलं की समोरच काउंटर, त्यामागे ती खुर्ची आणि खुर्चीत ताई. नाव कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही. शाळेतली पोरं चष्मा लागला म्हणून रडत यायची, ती पुढे स्वतःच्या पोरांना घेऊन यायला लागली, तरी ताई आपल्या तिथेच. माणूस आत आला की ताई आधी त्याच्या नाकाचं हाड बघायच्या, मग कान, आणि मग कधीतरी तोंडावरचं हसू. "तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा वर आहे हो," असं त्या बिनदिक्कत सांगायच्या. पन्नाशीच्या माणसाला ही बातमी पहिल्यांदाच कळायची आणि तो घरी जाऊन आरशासमोर उभा राहायचा. पण ताईंनी वाकवून दिलेली फ्रेम पुन्हा कधी नाकावरून घसरली नाही, हेही खरं.

तर अशा ताईंना एका सकाळी मालकांच्या जावयाने सांगितलं की आता तुम्ही आत बसा.

थोरले मालक थकले होते, दुकान जावयाकडे आलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं नवं हवं होतं. नव्या काचा, नवे दिवे, नवी पाटी. अडीच महिन्यांनी दुकान नव्या रूपात उघडायचं होतं. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण काउंटरवर जरा ताजा चेहरा हवा. तुम्ही मागच्या खोलीत फ्रेमच्या खोक्यांचं बघा. तिथे तुम्हाला आरामही मिळेल."

आराम! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागची खोली म्हणजे खिडकी नसलेली, छतापर्यंत खोकी रचलेली जागा. तिथे माणूस येत नाही, नाक येत नाही, कान येत नाही. तिथे बसून करायचं काय, खोक्यांना चष्मे लावायचे?

"उद्घाटनापर्यंत थांबा साहेब," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझा चेहरा बघा आणि मग काय ते सांगा."

जावईबापू बरं म्हणाले. मागून त्यांना सगळे जावईबापूच म्हणायचे, समोर साहेब.

आता घोडं अडलं होतं ते ताईंच्या कातडीपाशी. सुरकुत्या होत्या, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं, पण ही कातडी म्हणजे जन्माची रुसूबाई. नवा साबण लावला की पुरळ. लोकरीची टोपी घातली की कपाळभर खाज. खोटे डूल घातले की संध्याकाळपर्यंत कानाच्या पाळ्या टम्म. लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा धुऊन पुसून तसाच ठेवला होता आणि नवरोबा आजतागायत सांगत होते, "मी फसलो नाही. जे होतं ते समोर होतं."

तरी ताईंनी हट्ट धरला. पहिली क्रीम जाऊबाईंनी आणून दिली. "दहा वर्षांनी लहान दिसशील बघ," जाऊबाई म्हणाल्या. डबी उघडली तर फुलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास. ताईंनी एका दुपारी ती चेहराभर चोपडली. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून फटी झाल्या, गाल लालबुंद आणि हनुवटीवर बारीक फोड. तशाच त्या कामावर गेल्या. एका बाईने आपल्या लेकीला हळूच मागे ओढलं आणि विचारलं, "हे लागण होण्यातलं तर नाही ना?" जावईबापूंनी ते ऐकलं. त्यांनी नुसतं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ते बघणं ताईंना बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आठवडाभराचं मलम दिलं आणि चार शब्द सुनावले. "तुम्ही लोकांना नंबर न तपासता चष्मा देता का? मग स्वतःच्या तोंडाला न तपासता काहीही कसं लावता? वास असलेलं काही घ्यायचं नाही. एका वेळी एकच वस्तू. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रोज थोडीशी लावायची, आठवडाभर. लाल झालं तर ती वस्तू बाद. काही झालं नाही तरच चेहरा."

हे बोलणं ताईंना एकदम पटलं, कारण ही तर त्यांचीच पद्धत! नव्या फ्रेमला नाही का त्या म्हणत, आठ दिवस घालून बघा आणि मग या? त्यांनी वही केली. कोपराची जागा मात्र नको म्हटली. काउंटरवर हात सतत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, तिथे लाल चट्टा उठला तर पुन्हा लोक बिचकायचे. कानामागे बरं, वरून केस येतात. डावा कान ठरला, कारण झोपायची सवय उजव्या कुशीवर. बघा, किती विचार केला होता! फौजेची आखणीसुद्धा इतकी बारकाईने होत नसेल.

पहिली, वास नसलेली क्रीम. चार दिवसांत कानामागे लाल. बाद. दुसरी, लहान मुलांसाठीची. लाल. बाद. तिसरी तर नुसती पेट्रोलियम जेली म्हणावी इतकी साधी. तीही लाल.

"तुला पाण्याचीसुद्धा ॲलर्जी असेल," नवरोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"तुमची होईल आता," ताई म्हणाल्या.

"अगं, पण सोड ना. आत बसायला सांगतोय, घरी बसायला नाही."

"अहो, आत बसायचं असतं तर मी खोक्यांच्या कारखान्यात नसते का गेले? मला माणसं लागतात. समोर लागतात." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला, तेव्हा नवरोबांनी पेपर खाली ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. उलट चौथी क्रीम त्यांनीच औषधांच्या दुकानात चष्मा कपाळावर चढवून, बारीक अक्षरं वाचून वाचून आणली. तीही लाल झाली. पाचवीही. पाच आठवडे गेले. कानामागचं कातडं आता सोलवटल्यासारखं झालं होतं आणि वहीत पाच वेळा एकच शब्द होता, बाद. गालांवरची लाली मलमाने गेली होती, पण कोरड्या चेहऱ्याला लावायला हातात काहीच नव्हतं, आणि कातडी ताणून ताणून सुरकुत्या होत्या त्यापेक्षा दुप्पट दिसत होत्या.

दुकानात काचा घासणारे काका होते, ताईंच्याही आधीपासूनचे. ते म्हणाले, "ताई, तू हार मानणारी नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझी कातडी पण तुझीच आहे, तीही हार मानत नाही."

सहाव्या आठवड्यात एक बसड्रायव्हर आला. जुनं गिऱ्हाईक. खुर्चीत बसल्या बसल्या कुरकुरायला लागला, "ताई, कानामागे आग होते हो. शाम्पू बदलला, तेल बदललं, बायकोने उशीचे अभ्रे बदलले. आता डोकंच बदलायचं राहिलंय."

"दाखवा," ताई म्हणाल्या. त्याच्या हातातून चष्मा घेतला, काडी उलटी केली आणि हसल्या. "अहो, शाम्पूचं काय घेऊन बसलात! काडीच्या टोकाचं प्लास्टिकचं टोपण कुठे गेलं? आतली तार उघडी पडलीय. धातू घामाने कातडीला लागतो आणि ज्याला सोसत नाही त्याचं असं लाल होतं. उगाच तेलाला दोष. टोपण बदललं की आठ दिवसांत..."

बोलता बोलता त्या थांबल्या.

हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला. स्वतःचा चष्मा काढला. थोरल्या मालकांनी नऊ वर्षांपूर्वी स्वतः निवडून दिलेली पातळ धातूची फ्रेम. तिची दोन्ही टोपणं पिवळी पडून तडकली होती, दुकानाची मोडतोड सुरू झाली त्याच आठवड्यात गळून गेली होती, आणि ताई रोज म्हणत होत्या की उद्या बसवू. उद्या गिऱ्हाईक यायचं. परवा दुसरं यायचं. सव्वीस वर्षं लोकांच्या काड्या तपासणाऱ्या बाईच्या स्वतःच्या काडीला टोपण नव्हतं, आणि ती उघडी तार रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकी त्याच जागी घासत होती जिथे त्या क्रीम लावून बघत होत्या.

"काका!" ताईंनी हाक मारली. "जरा माझ्या उजव्या कानामागे बघा हो."

काका आतून हात पुसत आले. वाकून बघितलं. "लाल आहे की. चांगलं सोलवटलंय."

"उजव्या?"

"उजव्याच. मला डावं उजवं कळतं अजून."

उजव्या कानाला क्रीमचा थेंबही लागला नव्हता. ताई मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांना इतकं हसू आलं की ड्रायव्हर घाबरला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते नुसतं हसण्याचं नव्हतं. पाच आठवडे वाया गेले होते आणि उरले होते चार.

पण रडत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आधी ड्रायव्हरच्या काडीला टोपणं बसवली, मग स्वतःची फ्रेमच बदलली, पूर्ण प्लास्टिकची घेतली. जुनी पुसून खोक्यात ठेवली, कारण ती थोरल्या मालकांची आठवण होती. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "आता हात पुढे करा. कोपराच्या आत. लोक बघतील तर बघू देत."

पहिली बाद झालेली, वास नसलेली क्रीम आता कोपराच्या आत लावली. सात दिवस गेले. काही नाही, कातडी मऊ. तीच मग चेहऱ्याला सुरू केली, आणि दिवसा उन्हापासून जपणारं मलम. त्यानंतर सुरकुत्यांसाठीची, डॉक्टरीणबाईंनी निवडून दिलेली, सौम्यातली सौम्य. तीही आधी कोपरावर आठवडाभर, मग आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढी चेहऱ्यावर. वहीत पहिल्यांदा 'पास' असं लिहिलं तेव्हा ताईंनी ते पान नवरोबांना दाखवलं. त्यांनी शाळेच्या निकालपत्रासारखी खाली सही केली.

"सुरकुत्या कधी जातील?" ताईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं.

"जाणार नाहीत. चार महिन्यांनी फिक्या होतील. धीर धरा."

चार महिने! उद्घाटन तर दोन आठवड्यांवर होतं.

उद्घाटनाच्या सकाळी ताई सगळ्यांच्या आधी पोचल्या. दुकान ओळखू येत नव्हतं. चारी बाजूंनी आरसे, प्रत्येक आरशाला दिवा. ताईंनी एकेका आरशात बघितलं. गाल स्वच्छ, फोड नाहीत, लाली नाही. आणि सुरकुत्या? होत्या तिथेच होत्या, नव्या उजेडात एकेक मोजून घ्यावी अशा. तरी काउंटरमागे नवी खुर्ची होती तिच्यात त्या जाऊन बसल्या.

जावईबापू आले. नवा कोट, नवा चष्मा, सोनेरी फ्रेम. त्यांनी ताईंकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "चेहरा बरा झालाय," ते म्हणाले. "पण ताई, आपलं ठरलं होतं ते..." आणि बोलता बोलता त्यांनी चष्मा वर उचलून दोन बोटांनी नाक चोळलं.

नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळगे पडले होते. खोल आणि ओलसर.

"किती दिवस झाले हे?" ताईंनी विचारलं.

"काय? हे? काही नाही, उकाड्याने. क्रीम लावतो."

"क्रीम लावू नका," ताई म्हणाल्या. एवढ्या जोरात म्हणाल्या की आतून काका बाहेर आले. "साहेब, आज मी तुम्हाला माझी फजिती सांगते. मी पाच आठवडे पाच क्रीमना नावं ठेवली आणि दोष माझ्या काडीचा होता. मी, जी रोज लोकांना हेच सांगते! मला स्वतःचं दिसलं नाही, पण तुमचं दिसतंय. दारातून आलात तेव्हाच दिसलं. तुम्हाला माझ्या चेहऱ्यावर सुरकुत्या दिसतात ना? आहेत, आणि मी त्यांच्या मागे लागलेय, सोडणार नाही. पण मला लोकांच्या चेहऱ्यावर काय दिसतं, ते मागच्या खोलीतून दिसायचं नाही."

बाहेर पहिलं गिऱ्हाईक काचेला नाक लावून आत बघत होतं.

ताईंनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीकडे बोट केलं. "बसा."

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग कोटाचं बटण सोडलं, खुर्ची ओढली आणि बसले. चष्मा काढून ताईंच्या हातात दिला. चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम शाळकरी दिसायला लागला.

ताईंनी त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावून चेहरा उजेडाकडे वळवला आणि सव्वीस वर्षांत जे हजारदा म्हटलं होतं तेच म्हटलं, "मान सरळ ठेवा. तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा जरा खाली आहे."