गाऱ्हाणं बाहेरच्या वाटेचं

नारळाच्या सुक्या चुडतांचा, म्हणजे झावळ्यांचा मांडव, शेजारी भजीवाल्याची धगधगती शेगडी आणि बाहेर पडायच्या वाटेवर खुर्च्याच खुर्च्या! मे महिन्यातल्या दशावतारी नाटकाला आमची अख्खी वाडी अशी हौसेने दाटली होती. तेवढ्यात अग्निशमन दलाचे एक साहेब पाहणीला आले. बुटके, घामाघूम, बोलण्याआधी मिशी कुरवाळणारे.

माईक घेऊन ते म्हणाले, "कृपया मार्ग मोकळा करावा."

कोणी ढिम्म हललं नाही.

साहेबांनी मिशी कुरवाळली, बूट काढले आणि हात जोडून, आम्ही कोकणात देवापुढे घालतो तसं, खड्या आवाजात चक्क गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा!"

सवयीने सगळा मांडव गरजला, "व्हय म्हाराजा!"

"ह्या मांडवात इस्तवाची ठिणगी पडांदे नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पडलीच, तर पोराबाळांका भायर जावची वाट मोकळी गावांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या वाटेर जे कोण बसले आसत, त्यांका आत्ताच उठूची बुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं! देवासमोर दिलेला होकार मोडणार कोण? सरपंचांसकट सगळे खुर्च्या डोक्यावर घेऊन हसत पळाले. भजीवाल्याने शेगडी विझवून माडांपलीकडे नेली.

"साहेबानू, ह्या नियमात बसता?" मी विचारलं.

बूट चढवत ते म्हणाले, "नियम सरकारचो. 'व्हय' तुमचा."

ते पुन्हा कधी भेटले नाहीत. पण अजूनही कुठल्याही मांडवात शिरलो की मी आधी बाहेरची वाट शोधतो. ती अडलेली दिसली, की चपला काढतो.