गार्सिया गार्सिया

रावेतच्या नव्या फ्लॅटसाठी दारावरची पाटी करायला गेले होते. शेजारून सुकं खोबरं भाजल्याचा वास आला आणि मी थेट चाकणजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत पोचले.

कंपनीत मशीन बसवायला स्पेनहून आलेल्या गार्सियांना मी त्या दिवशी घरी मटणाच्या जेवणाला आणलं होतं. आम्ही काळे, आणि अर्धं गावच काळ्यांचं, त्यामुळे नुसतं आडनाव सांगून कुणाचं भागत नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच विचारलं, "कंच्या गावचे गार्सिया?"

मी दुभाषी. पाहुणे हसून म्हणाले, "आमच्या देशात सगळ्यात जास्त गार्सियाच. बाजारात हाक मारा, दहा जण वळतील. मूळ बास्क डोंगरांतलं म्हणतात. अर्थ कुणी अस्वल सांगतं, कुणी तरुण. मी तर गार्सिया गार्सिया. एक वडिलांचं, एक आईचं."

दादांच्या हातातली रश्श्याची पळी थांबली. "म्हंजे ह्यांच्या बापानं भावकीतच लगीन केलं व्हय?"

पाहुण्यांना विचारून मी सांगितलं, "नातं काहीच नव्हतं, दादा. तिकडं लग्न झालं तरी बाईचं आडनाव बदलत नाही. पोरांनाही तिचं लागतं."

चुलीपुढं भाकरी थापणारी आई म्हणाली, "मंग मी जाधव हाय."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही, हे मला आत्ता पाटीच्या दुकानात उभं राहून दिसलं.

"नाव काय टाकू, मॅडम?"

"काळे जाधव," मी म्हटलं. "दोन्ही एकाच मापात."