रस्त्याकडची ओळ

'विषारी औषध मारले आहे, द्राक्षे खाऊ नयेत' असा बोर्ड आमच्या दिंडोरी भागात रस्त्यालगतच्या बागांना हमखास दिसतो, आणि तो खोटा असतो हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रस्त्यानं येणारा-जाणारा गाडी थांबवतो, फोटो काढतो आणि वर पिशवीभर घड तोडून नेतो. राखण करणार तरी किती? म्हणून रस्त्याकडच्या एका ओळीवर चुन्याचं पाणी शिंपडायचं. पांढरे डाग पडले की औषध मारल्यासारखं दिसतं. वर बोर्ड ठोकला की काम झालं. माझे वडील हेच करायचे, आता माझा मोठा भाऊ करतो.

मी लग्न होऊन नाशकात आले ती इथलीच झाले. मुलं मार्गी लागल्यावर घरात बसून डोकं फिरायला लागलं, तेव्हा स्वतःच्या गाडीतून पाहुण्यांना एक दिवस फिरवायचं काम सुरू केलं. एका वेळी एकच कुटुंब. गाडी मी चालवते, माहितीही मीच सांगते, आणि न विचारलेलं तर फारच सांगते. सकाळी त्र्यंबकेश्वर, मग वाटेतली गुलाबाची बाग, दुपारी दादाचा द्राक्षमळा आणि तिथे वहिनीच्या हातचा चहा, असा माझा दिवस ठरलेला असतो.

त्या जानेवारीत आलेलं कुटुंब आसामचं होतं. नवरा चहाच्या मळ्यात देखरेखीच्या नोकरीला, बायको घरीच, आणि सहा-सात वर्षांची एक मुलगी. ही मुलगी लग्नानंतर खूप वर्षांनी, बऱ्याच दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून झालेली. तिच्यासाठी त्र्यंबकेश्वरला नवस बोलला होता, तो फेडायला आले होते. हे सगळं मला नवऱ्यानं सांगितलं, कारण बायको बोलतच नव्हती. ती फक्त मुलीचा हात धरून होती.

खरं सांगते, बारा वाजेपर्यंत मी त्या बाईला कंटाळले होते. दर्शनाच्या रांगेत कुणाचा धक्का लागला की मुलीला उचलून घेई. प्रसादाचा पेढा मुलीच्या हातात गेला, तो तिनं हळूच काढून पर्समध्ये टाकला. पाणी घरचं, खाऊ घरचा. वळणावळणाच्या रस्त्यानं मुलीला गाडीत एकदा उलटी झाली तर बाईचा चेहरा असा पांढरा पडला की मलाच धडकी भरली. गुलाबाच्या बागेत मुलगी फुलाला हात लावायला गेली तर ही ओरडली, काटा लागेल. मला राहवलं नाही. "दीदी, थोडा छोड़ो भी," मी म्हणाले, "गुलाबाच्या काट्यानं कुणी मरत नाही." ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली.

दादाच्या मळ्यात मात्र सगळे सैलावले. दादा आदल्याच दिवशी येवल्याहून एका लग्नावरून परतला होता, खुशीत होता. त्यानं त्यांना बाग आतून दाखवली, मण्यांत साखर भरायला लागली की रंग कसा बदलतो ते समजावलं, चांगला माल निवडून, धुऊन ताटलीत ठेवला. वहिनीनं आलं कुटून, साखर घालून खळखळ उकळलेला चहा केला. चहामळ्यातला तो माणूस पहिल्या घोटाला दचकलाच. हसत म्हणाला, आमच्या पत्तीचं तुम्ही सूप करता. तरी दुसरा कप त्यानं मागून घेतला.

वहिनी त्या दिवशी गप्प गप्प होती. एरवी माझे पाहुणे आले की ती त्यांना घराबाहेर पडू देत नाही. निघताना मला म्हणाली, "ताई, गाडी मागच्या वाटेनं काढा. पुढं चिखल हाय." मी बरं म्हटलं आणि पुढच्याच वाटेनं निघाले. गाडी पुढेच लावली होती, आणि चिखल असला तर असला.

चिखल नव्हता. गाडीपाशी आलो आणि मुलीनं रस्त्याकडच्या ओळीतला घड पाहिला. अगदी तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर लोंबत होता. ताटलीतली द्राक्षं तिनं खाल्ली होती, पण तिला स्वतःच्या हातानं तोडायचा होता. पोरंच ती! आई नको नको म्हणत होती. बापानं बोर्ड वाचला. मराठी येत नसलं तरी अक्षरं हिंदीचीच की. "विषारी मतलब ज़हर ना?" त्यानं विचारलं. म्हणाला, आमच्याकडे फवारणी झालेल्या पट्ट्यात झेंडा लावतात, तो निघेपर्यंत एक पान कुणी तोडत नाही.

मी हसले. मोठ्यानं हसले. म्हटलं, "अहो, झूठा बोर्ड है! चोरांसाठी लावलाय. ये चूना है, चूना." त्या बाईकडे बघून तर मुद्दामच हसले. घड मीच तोडला, मीच ओढणीनं पुसला आणि मुलीच्या हातात दिला. आईनं पहिल्यांदाच तिचा हात सोडला होता.

आम्ही नाशिकच्या वाटेला लागलो. मुलगी मागे बसून एक एक मणी खात होती. थोड्या वेळानं तिला पुन्हा उलटी झाली. मी म्हटलं, गाडी लागते हिला, सकाळीही झाली होती. पण मग आईचा आवाज आला, आणि त्या आवाजानं मी आरशात बघितलं. मुलीच्या तोंडातून लाळ गळत होती, थांबतच नव्हती. कपाळ घामानं डबडबलं होतं, तेही गाडीत गारवा असताना. बाप तिचे डोळे उघडून बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मैंने यह देखा है. मज़दूरों में देखा है."

मी गाडी वळवली आणि दिंडोरीकडे सोडली. चालवता चालवता दादाला फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, रस्त्याकडच्या ओळीला काय मारलंय?"

"चुना. दुसरं काय मारणार?"

"नक्की? पोरगी खाऊन आजारी पडलीय रे, लाळ गळतेय तिची!"

"अगं देवाशप्पथ चुनाच. थांब." त्यानं फोन तोंडापासून लांब धरून विचारलं, "काय गं, मी नव्हतो तेव्हा त्या ओळीला काय मारलंय का?"

आणि मला वहिनीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "नाय. काय नाय मारलं."

दवाखाना लहानसाच होता, पण डॉक्टर खमके होते. त्यांनी मुलीला आत घेतलं, सलाईन लावलं, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, आणि मला बाहेर बोलावून नीट विचारलं. म्हणाले, लक्षणं फवारणीच्या औषधाची वाटतात, पण सकाळपासून उलट्या आहेत म्हणता, बाहेरचं खाणं झालंय, शेतकरी म्हणतो चुना. "मी डोस सुरू करतो, पण कोणत्या गटातलं औषध आहे ते कळलं तर पुढचं नेमकं करता येईल. चुकीच्या अंदाजानं लहान मुलावर मारा करायचा नसतो. डबा असेल तर आणा, नाव असेल तर सांगा. आणि लवकर."

मी पुन्हा सांगितलं, माझा भाऊ खोटं बोलणार नाही. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या भावानं बोर्डवर काय लिहिलंय?"

ती आई बाकावर बसली होती. रडत नव्हती, मला दोषही देत नव्हती. दिला असता तर बरं वाटलं असतं. बाप आत-बाहेर करत होता, आणि बाहेर आला की आधी माझ्याकडे बघत होता, काही कळलं का म्हणून. मी मान हलवायची, तो पुन्हा आत जायचा. मनात नुसत्या शिव्या घालत होते मी, दादाला, बोर्डला, स्वतःला. कुणाला हसत होतीस, बाई? एका आईला हसत होतीस!

दादा आणि वहिनी पिकअप घेऊन आले. दादाच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. वहिनी दोन पावलं मागे, पदर गच्च धरून. मी तिलाच गाठलं.

"वहिनी, तुम्ही मागच्या वाटेनं जा म्हणालात. का?"

"चिखल होता."

"आम्ही गेलो तिथनं. धूळ होती नुसती."

दादा माझ्यावर चिडला. म्हणाला, तिला कशाला धरतेस, तिचा काय संबंध? मग आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन डॉक्टरांना हात जोडले. "साहेब, माझा माल व्यापारी परवा बघून गेलाय. औषधाचा जरा अंश सापडला तरी अख्खा माल परत येतो, हे लहान पोराला माहीत हाय आमच्याकडं. मी कशाला मारीन? मी सांगून ठेवलंय घरात, झाडाला हात लावायचा नाय." डॉक्टर म्हणाले, मग मुलीला काय झालंय? दादा म्हणाला, "ते मला माहीत नाय. पण माझ्या द्राक्षानं नाय झालं."

त्या मुलीचा बाप मधे आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. हिंदीत म्हणाला, सगळे आपापली चामडी वाचवतायत, माझी मुलगी आत पडलीय.

दादाचा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे. त्याला कुणी खोटारडा म्हटलं की तो आगापीछा बघत नाही. त्यानं पिशवीतून घड काढला. रस्त्याकडच्या ओळीतलाच होता, पांढऱ्या डागांचा, येताना तोडून आणलेला. "हा घ्या," तो म्हणाला, "तुमच्यासमोर खातो. न धुता खातो. मग तरी पटेल?" आणि त्यानं मूठभर मणी ओरबाडून तोंडाकडे नेले.

"अहो, नका खाऊ!"

वहिनी ओरडली नाही, किंचाळलीच. धावत येऊन तिनं दादाच्या हातावर असा फटका मारला की मणी सगळ्या फरशीवर उडाले. तेवढ्यानंही तिचं समाधान झालं नाही. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं, एखादा आत गेला का ते.

दादा आ वासून तिच्याकडे बघत होता.

"तुम्ही लग्नाला गेला होता," ती म्हणाली. आता ती रडत होती. "त्या ओळीला किडा दिसला, मिलीबग. पांढरा कापूस नुसता. आत बागेत शिरला असता तर सगळा माल गेला असता. गोठ्यात मागचं औषध उरलं होतं. मी पंप घेतला आन् तेवढीच ओळ मारली. म्हटलं, ती ओळ कुठं कुणी खातंय, बोर्ड हायेच. ती आपण वेगळी काढून टाकू, तुम्हाला कळायचं बी नाय."

"नाव काय?" डॉक्टर एवढंच म्हणाले.

"नाव नाय वाचता आलं, खरडलेलं हाय. पण डबा हाय गोठ्यात."

मी शेजारच्या मळ्यात फोन लावला. शेजारणीनं डब्याचे चारी बाजूंनी फोटो पाठवले. एका बाजूला बारीक अक्षरात घटकाचं नाव शिल्लक होतं. डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला, वाचलं आणि नर्सला हाक मारत आत गेले.

नंतरचा वेळ कसा गेला ते मला सांगता येणार नाही. दादा एका टोकाला, वहिनी दुसऱ्या टोकाला, मधे मी. त्यांच्या संसाराला इतकी वर्षं झाली, पण असं अंतर मी त्यांच्यात कधी पाहिलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? वहिनीचा मला राग आला होता, प्रचंड राग. फोनवर तिनं 'नाय' म्हटलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. त्या एका शब्दानं किती वेळ गेला! आणि तरी मला सारखं तिचं ते बोट दिसत होतं, नवऱ्याच्या तोंडात फिरणारं.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, लाळ थांबली, मुलगी आईला हाक मारतेय, आजची रात्र इथे ठेवू, पण धोका टळला. बाप भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. माझ्याही जिवात जीव आला. दादानं हात जोडले, कुणाला ते त्यालाच ठाऊक.

आई उठली. मला वाटलं ती धावत आत जाईल. ती आधी वहिनीसमोर येऊन उभी राहिली. दोघी साधारण एकाच वयाच्या असाव्यात. वहिनी हात जोडायला लागली तर तिनं तिचे हात खाली केले, रागानं नाही, नुसते बाजूला केल्यासारखे. दिवसभरात त्या बाईनं बाहेरच्या माणसाशी काढलेला तो पहिलाच शब्द असेल.

"आपके बच्चे हैं?" तिनं विचारलं.

वहिनीला हिंदी फारसं येत नाही, पण एवढं कळलं. तिनं दोन बोटं वर केली.

आईनं मान हलवली आणि ती आत गेली. दार लागलं, तरी वहिनी ती दोन बोटं तशीच धरून उभी होती.