एझ्राचं बारसं

कोपरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या केमिस्टकाकांइतका नियमाचा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं गेलेली, त्यामुळे घरीही साखर तराजूवर तोलून घेत. चहाला पाहुणा 'थोडी चालेल' म्हणाला, की गंभीरपणे विचारत, 'थोडी म्हणजे किती ग्रॅम?' गावात बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घर त्यांचं एकच. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून त्या दिवशी ते स्कूटरला हात लावत नसत. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा एका शनिवारी तीन किलोमीटर उन्हातून चालत आले आणि घाम पुसायच्या आधी तिच्या औषधांच्या वेळा तपासल्या.

अशा माणसाच्या लेकीला मुलगा झाला आणि ती म्हणाली, "पप्पा, सुंता करायची नाही. मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल." काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, आता घर फुटतंय. ठाण्याहून काकांच्या थोरल्या भावाने फोनवर बजावलं, "सुंता नाही, तर आम्ही येणार नाही." काका शांतपणे म्हणाले, "दादा, मी हा नियम जन्मभर पाळला. पण मूल तिचं आहे. नाव मात्र रिवाजाप्रमाणे आठव्या दिवशीच ठेवणार."

आणि ठेवलं. भाऊ आले नाहीत, पण आमची सगळी आळी जमली. काकांनी स्वतः पोहे भिजवून, नारळ खवून मलिदा केला आणि त्यात साखर चक्क नजरेच्या अंदाजाने टाकली. त्यांचे संदेष्टे एलियाहू हन्नबी यांचं स्मरण झालं. मग तांब्याच्या घंगाळात त्यांनी बाळाचे इवलेसे पाय धुतले. "अब्राहामाने दारी आलेल्या पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी दिलं होतं," ते म्हणाले. "हाही पाहुणाच. आजपासून हा आपला. याचं नाव एझ्रा." दूधवाल्या आक्का म्हणाल्या, "पाय धुवून नाव ठेवलेलं मी पयल्यांदाच बघतीय. लई ग्वाड वाटलं." काकांची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर माझीही तशीच झाली होती.

संध्याकाळी मी काकांना भांडी आवरायला मदत करत होतो, तेवढ्यात ठाण्याहून फोन आला. थोरल्या भावाने एवढंच विचारलं, "नाव काय ठेवलंस?"

काकांनी सांगितलं. ते त्या दोघांच्या वडिलांचं नाव होतं.  मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.