ओळीतलं नाव

मैंदर्गीच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या गावात माझ्या माहेराला ‘पळपुट्याचं घर’ म्हणायचे. माझ्या आज्याचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात फौजेत होता. लढाई चालू असतानाच तो घरी आला आणि काही महिन्यांत वारला. आम्ही धनगर, आमच्यात पुरतात. गावाबाहेरच्या मसणवटीत त्याच्यावर एक उभा दगड आहे. लढाई संपायच्या आधी आला, म्हणजे पळूनच आला, असं गावानं ठरवून टाकलं. शाळेत माझ्या वडिलांना त्यावरून चिडवत. पुढं मलाही.

सोलापूरच्या शाळेत इतिहास शिकवून मी निवृत्त झाले, त्याच वर्षी भावाचा गावाहून फोन आला. शाळेच्या फाटकापाशी गावातल्या सगळ्या फौजींच्या नावांचा दगडी फलक बसणार होता.

“थोरल्या आज्याचं नाव आहे ना?”

“न्हाय घेतलं. पळपुट्याचं कसं लिवायचं, म्हणत्यात.”

दुसऱ्या दिवशी एसटीनं गाव गाठलं.

दगडावर चुन्याचे थर चढले होते. भावानं पाणी ओतलं, मी नारळाच्या शेंडीनं घासत राहिले. खालची अक्षरं पार झिजलेली. दगड वाळल्यावर पर्समधला खडू आडवा धरून फिरवला, तेव्हा पांढऱ्यात काळे आकडे उमटले.

“ताई, नंबर हाय की!” भाऊ ओरडला.

फौजेतला नंबर. पळून आलेल्या भावाच्या दगडावर माझ्या आज्यानं तो कोरून घेतला असता?

त्या नंबरावरून शोध सुरू झाला. सोलापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयातला कारकून म्हणाला, “मॅडम, तुमचं आडनाव तर वेगळं आहे.”

“आडनाव लग्नात बदललं. आजा तोच आहे. अर्ज घ्या.”

त्यानं घेतला. नंबरावरून पलटण कळली. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. चौथ्याला एक कागद आला.

त्यात दोन नोंदी होत्या. पहिली : रजा संपल्यावर वेळेत हजर झाला नाही, शिक्षा झाली, पुन्हा आघाडीवर रवाना. दुसरी : क्षयानं आजारी, सेवेस अपात्र ठरवून घरी पाठवला.

पहिली नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली.

भाऊ म्हणाला, “वरची ओळ झाकून झेरॉक्स काढ की.”

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण जन्मभर पोरांना पुरावा पुरता वाचायला शिकवलं होतं. आता स्वतःच्या घराची वेळ आली म्हणून अर्धा वाचू?

ग्रामसभेत मी तो कागद सगळा वाचला, पहिल्या ओळीसकट. कन्नडमध्ये कुजबुज सुरू झाली. मी ती भाषा विसरले असेन असं त्यांना वाटलं असावं.

“म्हंजे पळाला व्हताच की!” मागून कुणीतरी म्हणालं.

“उशीर केला. त्याची शिक्षा भोगली आणि परत लढाईत गेला. तिथून रोग घेऊन आला. यातलं काही खोटं असेल तर दाखवा, मी आत्ता परत जाते.”

सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, “बाई, तुमी दिल्या घरच्या. हितलं कशाला उकरताय? बाजूला एक छोटी पाटी लावू.”

“बाजूला नको. सगळ्यांच्या ओळीत.”

“फलक कोरून झालाय.”

“शेवटच्या नावाखाली जागा आहे. बघून आलेय मी.”

तेव्हा वडिलांच्या वर्गातले एक म्हातारे काठी टेकत उठले. “तुज्या बापाला मीच चिडवायचो, पोरी. लई रडवलं. लिवा त्याच्या चुलत्याचं नाव.”

सगळ्यांना वाटलं, मी आता त्यांच्या पाया पडणार.

“काका, हे वडील जिवंत असताना म्हणायला हवं होतं.”

ते मान खाली घालून बसले. भाऊ घरी आल्यावर म्हणाला, जास्त बोललीस. असेल. मला त्याचा पस्तावा नाही.

महिनाभरानं नाव कोरलं गेलं, सर्वांत खाली. पाथरवट दुसरा होता, त्यामुळे अक्षरं थोडी जाड आलीत. मी बघायला गेले तेव्हा फाटकाशेजारच्या कट्ट्यावर पाचसात जण बसले होते. भावानं फलकाला हात जोडले. मी मात्र थोरल्या आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि आमचं आडनाव, तिन्ही मोठ्यानं वाचली. कट्ट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जातील अशी.