मामांनी साखर सोडली

आमच्या थोरल्या मामांइतका हट्टी माणूस कडेगाव तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका राग मला दुसऱ्या कुणाचा आलेला नाही. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले मामा घरच्या उसाचं गुऱ्हाळ लावत. डॉक्टरांनी गोड सोडायला सांगितलं तेव्हा त्यांनी त्याच दिवशी साखरेचा डबा रिकामा करवला आणि गावभर सांगितलं, ‘आपुन साखर सोडली.’ मग दिवसातून पाच वेळा गुळाचा चहा, भाकरीवर गूळ-तूप, आणि दारात येईल त्याला गूळ-पाणी. पाहुण्याला एकट्यानं खायला लावणं वाईट, म्हणून सोबत स्वतःही एक खडा. पोस्टमन आला तरी खडा, विजेचं मीटर बघायला कुणी आलं तरी खडा.

“आवं मामा, शरीराला दोन्ही सारखंच,” मी म्हणायचो.

“गप रं. साखर कारखान्याची, गूळ माज्या रानातला. सारखं कसं?” असं म्हणत ते माझ्याही हातावर खडा ठेवत. मी चिडायचो आणि खायचो.

आता सांगून टाकतो. मी सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. मामांचं रक्त मीच काढलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, की यांच्या अंगात इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याला जुमानत नाही. मेंदूलाही ते लागतं. आत्ताच आवरलं तर बरं, नाहीतर पुढं साखर वाढेलच, आणि स्मरणशक्तीलाही धोका वाढतो. त्यानंतर एकदा मामींनी चहा गाळता गाळता सरळ विचारलं, “तुला त्यातलं कळतंय. गूळ चालतो न्हवं?” त्यांच्या मागं मामा माझ्याकडं डोळे वटारून उभे होते. मी पन्नाशीला आलेला माणूस. म्हणालो, “चालतो, मामी.”

पुढं मामा विसरायला लागले आणि आम्ही हसायला लागलो. आपल्या पाळीला आलेलं कालव्याचं पाणी त्यांनी दोनदा शेजाऱ्याच्या उसाला पाजलं. शेजारी बांधावर बसून बघत राहिला, वर ‘लय उपकार झालं सुभेदार’ म्हणाला. हा किस्सा मी लग्नाकार्यात नकला करून सांगायचो. अशा वेळी डॉक्टरांचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवायचं. मी आणखी मोठ्यानं हसायचो.

मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, सगळं एका कारणावर ढकलता येणार नाही, वयही आहे. एवढ्या आधारानं मी वर्षभर काढलं. शेवटी एका रविवारी कडेगावला जाऊन दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, की गूळ चालत नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मामींनी आपल्या हाताकडं बघितलं. “ह्याच हातानं दिला रं मी,” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मामांनी मात्र नीट ऐकून घेतलं. “भ्यालास व्हय मला?” म्हणाले. “जाऊ दे गड्या.” आणि थोड्या वेळानं मला विचारलं, “कवा आलास?”

तेव्हापासून दर रविवारी मी जातो आणि तेच सांगतो. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकतात. कधी काठी उगारतात, कधी पाठीवरून हात फिरवतात. काठी उगारतात त्या रविवारी मला परतीच्या एसटीत झोप लागते.