करकोचे उतरले ती दुपार

माझे वडील बसचे ड्रायव्हर होते. लोकांना त्यांच्या गावी पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण आम्ही तिघं मिळून कुठं फिरायला गेलो, असं कधी झालं नव्हतं. मायचं माहेर वसमत. सकाळी जाऊन संध्याकाळी हिंगोलीत परत यायचं. त्यामुळं सुट्टी लागली तरी मी आपली गल्लीतच.

वडील कधीकधी मुक्कामी गाडी घेऊन धरणाकाठच्या एका गावी जायचे. रात्री गाडी तिथंच थांबायची, सकाळी परत निघायची. थंडीच्या दिवसांत तिकडून आले की ते करकोच्यांची गोष्ट सांगायचे. "कमरेएवढं उंच पाखरू. अंग राखाडी, मान काळी. शेकड्यानं उतरतेत हरभऱ्यात." भाकरी थापता थापता माय म्हणायची, "झोपेत बघितले असतीन."

मी नववीत असताना, नाताळच्या सुट्टीत, तीच एकदा म्हणाली, "साऱ्या दुनियेला फिरवून राहिले तुमी. आमाला न्या की एकदा. बघू तरी तुमचे पाखरं."

वडिलांनी रजा टाकली आणि त्याच मुक्कामी गाडीत आम्ही तिघं प्रवासी म्हणून बसलो. वडिलांना सीटवर नुसतं बसायची सवयच नव्हती. वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. कळमनुरीच्या पुढं एक मोठा रोही, नीलगाईचा नर, रस्त्यात आडवा आला, तेव्हा वडील जागेवरूनच ओरडले, "थांब, मागं आणखी आहेत!" आणि खरंच, मागून त्याचा कळप आला. गाडीतले सगळे खिडक्यांना चिकटले. मायनं पदर सावरत वडिलांकडं पाहिलं.

त्या गावात चहाचं हॉटेल चालवणारे एक चाचा वडिलांचे जुने ओळखीचे. त्यांनी हॉटेलामागची खोली आम्हाला दिली. चाचींनी गोधड्यांचा ढीगच आणून टाकला. थंडी अशी होती की बोललं की तोंडातून वाफ निघायची.

पहाटे उठून आम्ही पाण्याकडं गेलो. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. बगळे होते, डुबक्या मारणारी लहान बदकं होती, टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणारा एक माणूस होता. करकोचा एकही नाही. दुसऱ्या सकाळीही तेच. वडील एकदा आभाळाकडं बघायचे, एकदा मायकडं. "परवापर्यंत होते म्हणून राहिले चाचा," ते म्हणाले.

"असू द्या," माय म्हणाली. "पाणी बघितलं ना एवढं."

वडिलांना ते लागलं. जेवण झाल्यावर ते हॉटेलासमोरच्या बाजेवर तोंड फिरवून झोपले.

आम्ही दोघी चाचींबरोबर त्यांच्या शेतात हरभऱ्याची भाजी खुडायला गेलो. धरणाचं पाणी ओसरलं की मोकळ्या झालेल्या गाळात तिकडं हरभरा पेरतात. खुडता खुडता बोटांना आंब, पानांवरचा आंबट रस, लागायची, मी ती चाटत होते. ऊन कललं होतं. आणि वरून आवाज आला, खूप माणसं लांबवर एकदम बोलत असावीत तसा. मी वर पाहिलं. राखाडी पाखरांच्या रांगांमागून रांगा गोल फिरत खाली येत होत्या. पाय लोंबते सोडून ती पिकाच्या पलीकडच्या टोकाला उतरली.

मायनं माझं मनगट धरलं. "हलू नको."

चाची रोज टाळ्या वाजवून त्यांना हाकलायच्या; हरभरा त्यांचा होता. त्या दिवशी त्या भाजीची टोपली मांडीवर घेऊन तिथंच बसल्या. "बैठने दो आज. मेहमान के वास्ते."

"जा, बाबांना आण," माय कुजबुजली. "बसत बसत जा."

तुरीच्या ओळीआडून मी सरपटत निघाले आणि बांध ओलांडल्यावर जी पळाले ती थेट बाजेपाशी. "बाबा, आले!" बनियनवरच, अनवाणी, वडील माझ्यामागं धावले. शेताजवळ येताच वाकले आणि रांगत मायशेजारी जाऊन बसले.

"व्हय हो," माय म्हणाली. "हायेत."

"त्या कडेच्या दोघांकडं बघ," वडील कुजबुजले. "आता नाचतीन."

खरंच, त्यातल्या एकानं पंख पसरले, मान लववली आणि उडी मारली. दुसऱ्यानंही मारली. मग आणखी काही नाचू लागले. हसू बाहेर पडू नये म्हणून मायनं पदराचा बोळा तोंडात धरला, तरी तिचे खांदे हलत होते. अंधारून येईपर्यंत आम्ही चौघं तसेच बसलो. मग तो सगळा थवा आवाज करत पाण्याकडं गेला. तुडवलेल्या पिकावर एक नजर टाकून चाची म्हणाल्या, "खाया तो खाया," आणि उठल्या.

माय आता नाही. ती असेपर्यंत गल्लीत कुणीही बसायला आलं की करकोच्यांची गोष्ट तीच सांगायची. वडील ऐकत बसायचे.

करकोचे उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला परतायचं होतं. पिशव्या भरल्या होत्या, गाडी उभी होती, आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. माय चाचींच्या चुलीपाशी चहा पीत बसलेली. कपावरून नजर न उचलता ती म्हणाली, "आजची गाडी जाऊ द्या ना."

वडील बाहेर गेले, ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि परत आले. गाडी गेली. त्या दिवशी दिवसभर एकही करकोचा आला नाही. आम्ही चाचांच्या भावाच्या शेतात हुरडा खाल्ला. वडिलांनी पाण्यात पाय सोडले, माय उन्हात डोळे मिटून पडून राहिली. दुपारी कधीतरी ती मला म्हणाली, "ये, टेक डोकं." मी तिच्या दंडावर डोकं टेकवलं आणि मला झोप लागली.